चिवड्याचा इश्यू आणि घरातला इश्यू

पत्र थोडक्यात असं आहे. नावं, मालाचं नाव, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

लिहिणाऱ्या बाई बेचाळीस वर्षांच्या, सासर इंदूरचं. आजेसासूबाईंनी रामबागेतल्या घरात भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि मेतकूट करून विकायला सुरुवात केली, आज सांवेर रोडला कारखाना आहे. चिवडा, चकली, फरसाण, लोणची, मसाले असं सगळं मिळून वर्षाची विक्री ३८ कोटींच्या आसपास, नफा अडीच कोटी. पार्टनरशिप फर्म आहे आणि पार्टनर तिघं, सासरे, नवरा आणि दीर. नवरा कारखाना बघतो, दीर विक्री बघतो, आणि हिशेब, जीएसटी, बँक हे गेली चौदा वर्षं या बाई बघतात, पगार न घेता. आता दिराच्या ओळखीचा एक मर्चंट बँकर (कंपन्यांना शेअर बाजारात आणून देणारा) घरी येऊन गेला. म्हणाला एसएमई प्लॅटफॉर्मवर, म्हणजे शेअर बाजारातल्या छोट्या कंपन्यांच्या विभागात, लिस्ट करू, इश्यू काढून लोकांना शेअर विकू, कंपनीची किंमत शंभर कोटी लावू, २५ कोटी उचलू, त्यातून नवीन शेड आणि पॅकिंग लाईनचे नऊ कोटी निघतील, सासऱ्यांनी फर्मला दिलेले ८० लाख परत होतील, आणि दिराला जो पैसा मोकळा करून हवाय (त्याला पुण्यात मुलासाठी वेगळं काहीतरी सुरू करायचंय) तोही होईल. सासरे म्हणाले, "आईच्या हातची चव मी सट्ट्यावर लावणार नाही." नवरा दोन्हीकडे मान हलवतो. चुलत सासरे २००९ मध्ये भांडून वेगळे झाले, ते उज्जैनला त्याच नावाने दुकान चालवतात, तेव्हापासून बोलणं बंद. आणि आता घरात सगळे म्हणतात, तूच सांग, तुला आकडे कळतात. बाई विचारतात, लिस्ट करावं की घरचंच ठेवावं? "नाही म्हटलं तर धंदा छोटाच राहतो आणि दीर दुखावतात, हो म्हटलं तर सासऱ्यांना तोंड कसं दाखवू?"

---

तुमच्या पत्रात लिस्टिंग हा शब्द मी मोजला, अकरा वेळा आलाय. वाटणी हा शब्द एकदाही नाही. आणि मला तर पत्र वाचताना सारखं वाटत होतं की ह्या बाई वाटणीबद्दल लिहितायत, फक्त मर्चंट बँकरने शब्द बदलून दिलाय.

मी सत्तावीस वर्षं बँकेत लोनच्या फायली बघितल्या, त्यातली बरीच वर्षं इथेच इंदूरला, सियागंजचे व्यापारी, पालद्याच्या दाल मिल, तेलवाले, नमकीनवाले, सगळे. फायलीत लिहिलेलं कारण आणि खरं कारण यात जवळजवळ नेहमीच अंतर असायचं, मशीनसाठी म्हणून लोन मागायचे आणि चहा पिताना कळायचं की धाकट्याला वेगळं व्हायचंय. म्हणून तुमच्या घरात आधी हे सोडवू की कोणाला काय हवंय. तुमच्या नवऱ्याला नऊ कोटींची शेड आणि लाईन हवीये. दिराला त्याचा पैसा बाहेर काढून हवाय. सासऱ्यांना आईचं नाव हवंय. हे तीन वेगळे प्रश्न आहेत, त्यांना एकच औषध चालेल असं तो बँकर म्हणतोय, आणि बँकरची फी इश्यू झाला तरच नीट निघते हे विसरू नका, तो वाईट माणूस आहे असं नाही, त्याचं दुकानच ते आहे.

आता त्याचे आकडे घेऊ, कारण तुम्हाला आकडे कळतात असं घरचे म्हणतात आणि ते खरंच आहे. शंभर कोटी म्हणजे तुमच्या अडीच कोटी नफ्याच्या ४० पट. इतकी किंमत चांगल्या दिवसांत मोठ्या ब्रँडांना मिळते, एका शहराच्या आणि आजूबाजूच्या चार जिल्ह्यांच्या चिवड्याला कोण देईल? समजा बाजाराने १५ पट दिली, तर झाले साडेसदतीस कोटी. मग २५ कोटी उचलायचे तर किमान चाळीस टक्के धंदा द्यावा लागेल, तो तर तुम्ही देणार नाही, म्हणजे इश्यू होईल बारा कोटींच्या आसपास. हा आकडा डोक्यात ठेवा.

दिराचं बघू. एसएमई इश्यूचे नियम सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२५ मध्ये घट्ट केलेत आणि मला शंका आहे की दिरांना हे कोणी सांगितलेलं नाही. जुन्या मालकांनी आपले शेअर विकून पैसे घेणं, ज्याला ऑफर फॉर सेल म्हणतात, ते एकूण इश्यूच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, आणि विकणारा आपल्याकडचे अर्ध्याहून जास्त शेअर विकू शकत नाही. बारा कोटींचे २० टक्के म्हणजे दोन कोटी चाळीस लाख, तेही विकणाऱ्या सगळ्यांचे मिळून. उरलेल्या शेअरवर लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ विकायची बंदी, प्रमोटरांचा (कंपनीच्या मूळ मालकांचा) किमान २० टक्के हिस्सा तीन वर्षं अडकतो आणि त्यावरच्या हिश्शाचा अर्धा एक वर्षाने आणि अर्धा दोन वर्षांनी सुटतो. म्हणजे ज्या माणसाला बाहेर पडायचंय त्याच्यासाठी हे दार उघडत नाही, उलट आतून कडी लागते. पुण्याचं दुकान काही तीन वर्षं थांबणार नाही.

आणि सासऱ्यांचे ८० लाख? इश्यूच्या पैशातून प्रमोटरचं किंवा त्याच्या नात्यातल्या माणसाचं कर्ज फेडता येत नाही, सरळही नाही आणि आडूनही नाही. हा पण त्याच वेळचा नियम. बँकरने हे दिवाणखान्यात बसून, तुमच्या सासऱ्यांसमोर कबूल केलं असेल तर त्याला एवढंच म्हणा की लिहून द्या. बघा लिहून देतो का.

वेळेचंही सांगते. तुमची फर्म पार्टनरशिप आहे, आधी तिची कंपनी करावी लागेल, आणि कंपनी झाल्यावर किमान एक पूर्ण आर्थिक वर्ष जावं लागतं मगच कागद दाखल करता येतात. नफ्याची अटही आहे, मागच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षं तरी एक कोटीचा ऑपरेटिंग नफा, ती तुम्ही पार कराल. पण पत्रात तुम्ही एक वाक्य हळूच लिहिलंय की "आधी थोडी विक्री कच्च्यात व्हायची, आता नाही." अपने इंदूरमध्ये कच्चं-पक्कं, म्हणजे बिनबिलाचं आणि बिलाचं, कोणाला समजावून सांगायला नको. आता नाही हे चांगलंच, पण मग अचानक वाढलेली विक्री आणि अचानक वाढलेला नफा हे ऑडिटर विचारणार, एक्स्चेंज विचारणार, आणि उत्तर द्यायला कोण बसणार तर तुम्ही. त्यावर पुढे येते.

"धंदा छोटाच राहतो" हे तुम्ही असं लिहिलंय जसं काही ते ठरलेलंच आहे. मला हे पटत नाही. पार्ले प्रॉडक्ट्स, ज्यांचं पार्ले-जी या देशात कुठल्या गावात मिळत नाही सांगा, घरचीच आहे, लिस्टेड नाही. आपले चितळे बंधू, बाकरवडी दुबईपर्यंत जाते, लिस्टेड नाहीत. राजकोटचे बालाजी वेफर्सवाले सिनेमागृहाच्या कँटीनमधून निघाले आणि लिस्ट न होताच एवढे वाढले की मोठ्या परदेशी कंपन्यांना गुजरातेत त्यांच्याशी झुंजावं लागतं. हल्दीराम घ्या. दिल्ली आणि नागपूर या दोन घरांनी आधी आपला पाकिटातल्या मालाचा धंदा एकत्र केला, आणि २०२५ मध्ये सिंगापूरच्या टेमासेकला दहा टक्क्यांच्या आसपास हिस्सा दिला, तोही शेअर बाजारात न जाता. म्हणजे मोठं होण्याचा आणि लिस्ट होण्याचा संबंध आहे, पण तो सख्खा नाही, चुलत आहे.

पण सासऱ्यांचंही सगळं बरोबर आहे असं नाही, हे त्यांना तुम्ही सांगू शकणार नाही म्हणून मी सांगते. लिस्ट झालं की घरच्यांच्या हातून गेलं, असं होतंच असं नाही. बिकाजी बघा, बिकानेरची, हल्दीरामच्याच घराण्यातली एक पाती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ३०० रुपयांना शेअर आला आणि तो सगळाच्या सगळा ऑफर फॉर सेल होता, म्हणजे कंपनीत एक रुपया आला नाही, विकणाऱ्यांना मिळाले, आणि तरी कंपनी घरच्यांच्याच हातात राहिली. (मोठ्या बाजारात हे चालतं, एसएमईत नाही, म्हणून दिरांनी बिकाजीचं उदाहरण दिलं तर फसू नका.) उलट आपल्याच इंदूरची यलो डायमंडवाली प्रताप स्नॅक्स घ्या, २०१७ मध्ये ९३८ रुपयांना इश्यू आला, सगळ्या शहराला कौतुक, आमच्या बँकेतल्या शिपायानेसुद्धा फॉर्म भरला होता. पण तिथे सर्वात मोठा हिस्सा लिस्टिंगच्या कितीतरी आधीपासून एका बाहेरच्या फंडाकडे होता, आणि त्या फंडाने २०२४ मध्ये तो नव्या गुंतवणूकदारांना विकायचं ठरवलं तेव्हा भाव होता ७४६ रुपये. सात वर्षांनी, इश्यूच्या भावाच्या खाली. हिस्सा हातून जातो तो बहुतेक वेळा बाजारात जायच्या आधीच्या कागदांवर जातो, लिस्टिंगची घंटा वाजवायच्या दिवशी नाही.

आणि लिस्टिंगने धंदा टिकतो असंही नाही, हे इंदूरकरांना दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. रुची सोया, न्यूट्रेलावाली, इथल्याच घराण्याची, लिस्टेड. कर्ज इतकं झालं की २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि २०१९ मध्ये पतंजलीने घेतली. ज्यांच्याकडे जुने १०० शेअर होते त्यांच्याकडे एक उरला. आमच्या गल्लीत एक काका होते ते ती गोष्ट सांगताना हसायचे, पण हसणं काही खरं नव्हतं.

मी पण धुतल्या तांदळासारखी नाही. रिटायर झाल्यावर एका एसएमई इश्यूत पैसे घातले, नाव नाही सांगत, खाण्याच्याच वस्तूंची कंपनी होती. लिस्ट झाला त्या दिवशी वर, मी खूश, म्हटलं राहू दे. मग सहा महिन्यांनी नातीच्या ॲडमिशनला पैसे लागले तेव्हा विकायला काढला तर घेणारा कोणी नाही. एसएमईत एक-एक शेअर विकता येत नाही, अख्खा लॉट विकावा लागतो, आणि स्क्रीनवर भाव दिसतो तो फक्त दिसतो. अकरा दिवस रोज सकाळी नऊ वाजून पंधरा मिनिटांनी फोन घेऊन बसायचे, पोहे गार व्हायचे. शेवटी निघाला, तोट्यात. हे तुम्हाला एवढ्यासाठी सांगतेय की उद्या तुमचा शेअर तुमच्याच ओळखीचे लोक घेणार, रामबागेतले, सुदामा नगरातले, गणेशोत्सवात भेटणारे, आजेसासूबाईंचा चिवडा खाल्लेले. भाव पडला तर ते सेबीकडे जाणार नाहीत, तुमच्या दारात येतील.

आता ज्या गोष्टीचा तुमच्या पत्रात एक ओळ सोडून उल्लेख नाही त्यावर जरा थांबते, कारण माझ्या मते सगळं तिथे अडकलेलं आहे. उज्जैन.

पब्लिक इश्यूच्या कागदात प्रमोटर ग्रुप म्हणून एक प्रकरण असतं. त्यात प्रमोटरची बायको किंवा नवरा, आई-वडील, भाऊ, बहिणी, मुलं, आणि बायकोचे किंवा नवऱ्याचे पण आई-वडील, भाऊ, बहिणी, सगळे येतात. बोलणं चालू आहे का बंद आहे हे त्या व्याख्येत कुठेही नाही. सासरे प्रमोटर झाले की उज्जैनचे तुमचे चुलत सासरे आपोआप आत आले, त्यांचा पॅन नंबर लागणार, त्यांचं दुकान, त्यांच्यावर काही केस आहे का हे लागणार. १५-१६ वर्षं ज्यांच्या घरी तिळगूळ गेला नाही त्यांच्याकडे पॅन कार्डची झेरॉक्स मागायला कोण जाणार, बँकर? देत नसतील तर त्यासाठी सेबीकडे वेगळी सूट मागावी लागते, आणि घरातलं भांडण छापील कागदात, सगळ्या जगाला वाचता येईल असं येतं. नागपूरच्या नणंदेचंही तेच, तिला अजून कोणी विचारलेलं पण नाही असं दिसतंय.

दुसरं, तेच नाव. तुम्ही लिहिलंय की ते "त्याच नावाने" दुकान चालवतात. ट्रेडमार्क कोणाच्या नावावर आहे? हे पत्रात नाही. आजेसासूबाईंच्या नावावर असेल तर त्यांच्यानंतर तो कोणाकडे आला, कागद केला का? सासरे आणि चुलत सासरे दोघांच्या नावावर असेल तर? की कोणी केलाच नाही? हे ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर फुकटात शोधता येतं, नमकीन आणि मसाले तीस नंबरच्या वर्गात, लोणची एकोणतीसमध्ये, दोन्ही बघा, दर दहा वर्षांनी रिन्यू करावा लागतो ती तारीखही बघा. हल्दीरामवाल्यांचं नावावरून घराघरांत भांडण झालं ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि तिथे एक मुद्दा काय होता माहितीये का, दावा लावला त्या दिवशी पार्टनरशिप फर्म रजिस्टर्ड नव्हती. एवढ्या मोठ्या नावाचा एवढासा कागद. कोर्टाने त्या कारणाने दावा अडवला नाही हा भाग वेगळा, पण तुमची फर्म रजिस्टर्ड आहे का हे आज संध्याकाळी कपाट उघडून बघा. चिवड्याच्या कारखान्यात सगळ्यात महाग मशीन कुठलं, तर पाकिटावरचं नाव, आणि त्याचं बिलच सापडत नसेल तर शेड कुठे बांधायची हा पुढचा प्रश्न झाला.

आता तुमचं. पत्रात तुम्ही तुमच्यासाठी काहीच मागितलेलं नाही, म्हणून मला ते जास्त दिसलं. चौदा वर्षं हिशेब तुमच्याकडे, पार्टनर तुम्ही नाही, पगार नाही, आणि निर्णय मात्र तुम्ही द्यायचा. लिस्टेड कंपनीला सीएफओ, म्हणजे पैशाच्या हिशेबाचा प्रमुख, ठेवावाच लागतो, आणि तुमच्या घरात तो कोण होणार हे मला इथे बसून दिसतंय. कायद्यात त्याला सीएची डिग्री लागत नाही. पण ऑफर डॉक्युमेंटवर, म्हणजे इश्यूच्या त्या छापील कागदावर, संचालकांच्या बरोबर सीएफओची सही असते, त्यातला शब्द न शब्द खरा आहे अशी. म्हणजे ते कच्च्यातलं वाक्य, दिराने वर्षाची विक्री फुगवायला डिस्ट्रिब्युटरकडे मार्चमध्ये ढकललेला माल, सगळ्याखाली तुमची सही. शिवाय इनसायडर ट्रेडिंगचा नियम, कंपनीच्या आतली बातमी बाहेर जाऊ द्यायची नाही, माहेरी फोनवर "यंदा दिवाळीची एक मोठी ऑर्डर मिळाली" एवढं बोलणंसुद्धा तेव्हा साधं राहत नाही. आईशी गप्पा मारायला वकिलाला विचारावं लागेल असं नाही म्हणत मी, पण जवळपास तसंच.

म्हणून पहिलं काम, इश्यू असो वा नसो, तुमचं नाव आणि तुमचा पगार कागदावर आणा. पार्टनर करून घ्या किंवा पगारी ठेवून घ्या, सीएशी बोलून काय बरं ते बघा. हे मागायला लाज वाटत असेल तर असं मागा की बँकेला लागतंय. खरंच लागतं, मी फायली बघितल्यात, हिशेब बघणारी व्यक्ती कागदावर कुठेच नाही हे आम्ही कमकुवत बाजू म्हणून लिहायचो.

मग नऊ कोटी. सगळे एकदम का लागतात हे मला कळलं नाही. पॅकिंग लाईन आधी आणि शेड नंतर, असं दोन टप्प्यांत होत नाही का? नवऱ्याला विचारा, सध्याच्या लाईनवर रोज किती घाणे पडून राहतात आणि किती माल पॅकिंगसाठी थांबतो, आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा, तेवढ्यावर अर्धा निर्णय होईल. नऊ कोटी सगळे कर्जाने घेतले, सात वर्षांसाठी, दहा टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं तर महिन्याला पंधरा लाखांच्या जवळ हप्ता, वर्षाला एक कोटी ऐंशी लाख, अडीच कोटी नफ्यावर ते अंगावर येईल. साडेचार कोटी घेतले तर अर्धं, ते झेपेल. तारण कमी पडत असेल तर छोट्या उद्योगांसाठी सीजीटीएमएसई या सरकारी योजनेची हमी आहे, १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा दहा कोटी झालीये, फी लागते पण घर गहाण ठेवावं लागत नाही, आणि तुमची विक्री शंभर कोटींच्या आत असल्यामुळे तुम्ही अजून छोट्या उद्योगातच मोडता. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकिटातल्या नमकीनवर जीएसटी १२ चा ५ टक्के झाला, पण पॅकिंगच्या प्लास्टिकच्या रोलवर तुम्ही १८ भरताय, तिथे जास्त भरलेल्या कराचं क्रेडिट साचून बसलं असेल, रिफंडचं सीएला विचारा. घरातलाच पैसा अडकलेला असतो आणि आपण बाजारात मागायला जातो.

तेलाचं एक सांगायचं राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं तेव्हा सगळ्या नमकीनवाल्यांची मार्जिन चेपली गेली, तुमचीही गेली असणार. तेव्हा तुम्ही काय केलं? बहुतेक सासरे म्हणाले असतील, पाकिटाचं वजन कमी करायचं नाही, यंदा नफा कमी घेऊ. घरच्या धंद्यात हे जेवणाच्या टेबलावर ठरतं. लिस्टेड असता तर तो कमी नफा सगळ्यांसमोर वाचून दाखवावा लागतो आणि पुढच्या सहामाहीत शेंगदाणे कमी पडायला लागतात. नेहमी असं होतं असं नाही, पण ओढ त्या बाजूला असते, आणि तुमच्या सासऱ्यांना जे "चव सट्ट्यावर" म्हणायचं होतं ते बहुतेक हेच.

दिराचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो टाळू नका. त्याला बाहेर पडायचं असेल तर तो चोर नाही, वीस वर्षं उन्हातान्हात धार, खरगोन, देवास फिरलाय माणूस. त्याच्या हिश्शाची किंमत बाहेरच्या नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून काढा, घरातल्या कोणी नाही आणि तो बँकर तर नाहीच. मग पाच-सहा वर्षांत हप्त्याने फर्म त्याला देईल असा करार, पहिला हप्ता जरा मोठा, त्यात पुण्यात तो हेच नाव वापरणार का, चिवडाच विकणार का, हे स्पष्ट लिहिलेलं. नाहीतर दुसरं उज्जैन तयार होईल. पार्टनर बाहेर पडताना टॅक्सची भानगड असते, ती सीएकडून आधी समजून घ्या, नंतर नाही. आणि कदाचित हे सगळं मांडल्यावर तो म्हणेल की मला बाहेर पडायचंच नाहीये, फक्त माझं कोणी ऐकत नाही म्हणून मी बँकर आणला. असंही मी बघितलंय.

मग लिस्टिंग कधीच नाही का? असं मी म्हणत नाहीये. नाव कागदावर साफ असेल, फर्मची कंपनी झाली असेल, तीन वर्षं पक्क्या बिलांची आणि वाढत्या विक्रीची असतील, आणि तेव्हाही असं काही करायचं असेल जे बँकेच्या पैशाने होत नाही, मध्य प्रदेशच्या बाहेर दुसरा कारखाना वगैरे, तर त्या वेळी बोलू. आणि तेव्हा तुम्ही लिस्टिंग केलं नाही तरी ही सगळी सफाई वाया जात नाही. ज्यांना ज्यांना हा मोह झालाय, कारण या महिन्यात या विषयावरचं हे तिसरं पत्र आहे, एक लोणच्यावाले, एक पापडवाले, त्यांनाही माझं हेच म्हणणं की बँकरला घरी बोलवायच्या आधी प्रताप स्नॅक्स आणि बिकाजीचे जुने ऑफर डॉक्युमेंट सेबीच्या साइटवरून उतरवून घ्या, फुकट आहेत. इंग्रजीत आहेत आणि जाडजूड आहेत, सगळं वाचू नका. रिस्क फॅक्टर्सचं प्रकरण आणि प्रमोटर ग्रुपचं प्रकरण, एवढंच. मग प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने लिहा, आपल्या घरात याचं उत्तर कोण देईल. लोणच्यावाल्या बाईंनी हे केलं आणि सतराव्या ओळीवर थांबल्या, तिथे दिवंगत भावाच्या बायकोचं नाव आलं.

तुमच्या घरी या गोष्टी बोलताना सगळ्यांना एकदम बसवू नका, आणि जेवताना तर नाहीच. नवऱ्याशी आधी एकट्याशी, शेड आणि लाईन वेगळी करायचं. दिराशी दोघं मिळून, फक्त त्या २० टक्क्यांच्या नियमाचा कागद समोर ठेवून, मत न देता, वाचू दे त्याला. सासऱ्यांशी त्यांच्या वेळेला, सकाळी ते पहिल्या घाण्याचा चिवडा हातावर घेऊन चाखतात असं तुम्ही लिहिलंय ना, त्यानंतर. त्यांना लिस्टिंगबद्दल काही विचारू नका. विचारा, आईंच्या नावाचा कागद कुठे आहे.

त्यात उज्जैनचं नाव निघालं, आणि मला वाटतं निघेल, तर जायला लागेल. बँकरला नेऊ नका, वकिलाला पहिल्या फेरीत नेऊ नका, सासऱ्यांनाही नको, दोघे दारातच सुरू होतील. नागपूरच्या नणंदेला बोलवून घ्या, तिचे ते काकाच आहेत आणि ती त्या भांडणात नव्हती. जाताना अर्धा किलो मेतकूट घ्या, घरचं, कारखान्यातलं नको.